लेसिएलीच्या पत्त्यावर

लेसिएलीच्या घरी टपाल फार यायचं. आमच्या गल्लीत पोस्टमन तिच्या फाटकाशी जितका रेंगाळायचा, तितका बाकीच्या सगळ्या घरांपुढे मिळून रेंगाळत नसे. त्यातली तिची स्वतःची पत्रं थोडीच. बँकेची कार्डं, गाडीचे दंड, दवाखान्याच्या तारखा, टॅक्सवाल्यांची पाकिटं, असलं सगळं इथे ऑस्ट्रेलियात बदामाच्या आणि द्राक्षांच्या बागांवर राबणाऱ्या, टोंगा बेटांवरून आलेल्या आमच्या माणसांचं असायचं. बागेतल्या पत्र्याच्या शेडला घरनंबर नसतो आणि पोस्टमन तिथवर जात नाही. मग चर्चच्या अंगणात कुणीतरी लेसिएलीला गाठून विचारायचं, "ताई, तुझा पत्ता देऊ का?" आणि ती म्हणायची, "दे की. पेटी काय झिजतेय का माझी?"

आलेली पत्रं ती स्वयंपाकघरात बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात उभी करून ठेवायची. रविवारी प्रार्थना झाली की माणसं येत, आपापलं पाकीट काढून घेत, ताटभर जेवत आणि जात. पाकीट कुणाचं, कुठून आलं, हे ती कधी विचारत नसे. मी तिच्या कुंपणापलीकडे राहते. बदामाच्या पॅकिंग शेडमध्ये आम्ही एकाच पट्ट्यावर उभ्या राहतो, चर्चमध्ये एकाच बाकावर गातो. तिचं इंग्रजी कामापुरतं आणि माझं जरा बरं, म्हणून कागदपत्राचं काही निघालं की ती कुंपणावरून मला हाक मारते, "फुसी, ये गं जरा."

तिच्याकडे दोन मुलं होती, तिच्या भावाची. पिसिला आठ वर्षांची, सोआने चार. त्यांची आई किडन्या जाऊन वारली आणि भाऊ पेनिसिमानी दूर क्वीन्सलंडमध्ये मांसाच्या कारखान्यात कामाला लागला. जाताना त्याने मुलं बहिणीच्या हवाली केली. त्यासाठी कुठला कागद करावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. आमच्यात आत्याचा मान बापाच्याही वरचा. आत्याकडे मूल वाढलं तर त्यात विचारायचं काय?

एका सोमवारी पिसिला हाताला फडकं बांधून शाळेत गेली. आदल्या दिवशी नारळाच्या पाकात पिठाचे गोळे सोडताना पाक उडाला होता आणि कोपराखाली चांगलं भाजलं होतं. बाईंनी फडकं सोडून पाहिलं, मग विचारलं की घरी कोण कोण असतं. पिसिलाने अभिमानाने सांगितलं, आमच्याकडे खूप काका आहेत, सगळ्यांची पत्रं आमच्याच घरी येतात. बाईंना अशा वेळी वर कळवावंच लागतं, तसा कायदा आहे. त्यांनी कळवलं.

दोन दिवसांनी बालकल्याण खात्याची बाई आली. ब्रॉन्विन नाव, वयाने माझ्या मुलीएवढी, बोलायला गोड. लेसिएलीने मला हाक मारली. बाईने फ्रिज उघडून पाहिला, खाटा पाहिल्या, पिसिलाचा हात पाहिला आणि दवाखान्यात नेलं होतं का विचारलं. नेलं होतं, मलमाची ट्यूबही होती. बाई हसली, आम्हीही हसलो. मग तिची नजर डब्याकडे गेली. ही सगळी कोण, असं तिने विचारलं. लेसिएलीने सांगितलं की आमचीच माणसं, इथे राहत नाहीत, फक्त टपाल येतं. बाईने विचारलं, मी फोटो काढला तर चालेल का? पाहुण्याने पाणी मागितल्यावर म्हणावं तसं लेसिएली म्हणाली, हो हो, काढा ना. वर तिने स्वतःच पाकिटं खेळायच्या पत्त्यांसारखी टेबलावर पसरून दिली, नावं नीट दिसावीत म्हणून. बाईने एकही पाकीट उघडलं नाही. दोनतीन फोटो काढले, चहाला नको म्हणाली आणि गेली.

पुढच्या आठवड्यात ती परत आली तेव्हा बरोबर खात्यातलेच एक वयस्क गृहस्थ होते, पॅस्को नावाचे. दोघं बसली नाहीत. दारापाशीच पॅस्कोंनी एक नाव उच्चारलं, फेलेती, आणि तो कोणत्या खोलीत झोपतो असं विचारलं.

लेसिएलीला क्षणभर माणूस आठवेना. मग आठवला. तिचा मावसभाऊ केपूएली याच्या ओळखीने त्याने पत्ता मागितला होता. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडकडचा, हडकुळा, तिशीपस्तिशीचा. एकदाच पाकीट न्यायला आला होता. तिने जेवायला आत बोलावलं तरी फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही, आणि तिला त्याचा रागच आला होता. तिने सांगितलं की तो इथे झोपत नाही, कधीच झोपला नाही.

पॅस्को म्हणाले, "पोलिसांकडे त्याने हाच पत्ता दिलाय. टपालही इथेच येतं त्याचं. हा माणूस मुलांच्या बाबतीतल्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलाय. मुलं असलेल्या घरात त्याने राहायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम आहे. तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

मी ते लेसिएलीला आमच्या भाषेत सांगत होते. मला स्वतःला दोन मुली आहेत. लेसिएलीने चौकट घट्ट धरली. तिने फक्त डोकं हलवलं, नाही म्हणून.

"मग तो राहतो कुठे ते सांगा," पॅस्को म्हणाले. "तो दुसरीकडे राहतो हे आम्हाला आज कळलं, तर आजचा प्रश्न आजच मिटेल."

लेसिएलीने माझ्याकडे पाहिलं. तो कुठे असणार हे आम्हा दोघींनाही समजलं होतं. डब्यातली बहुतेक नावं नदीपलीकडच्या एका जुन्या बागेतल्या शेडमध्ये राहायची, आणि केपूएलीच त्यांची कामावर ने-आण करायचा. त्या शेडमध्ये अशी माणसं होती की ज्यांचे व्हिसा केव्हाच संपले होते. उइनी नावाची बाई तर दहाएक वर्षं तशीच होती. मागे बेटावर तिच्या तीन मुलांची शाळा तिच्या मजुरीवर चालायची. शेडचा पत्ता सांगायचा म्हणजे उद्या तिथे पोलीस जाणार, आणि पोलिसांमागून इमिग्रेशनवाले.

लेसिएली आमच्या भाषेत मला म्हणाली, "सांगू का गं?"

हो म्हणावं तर उइनीचा चेहरा समोर येत होता, आणि नको म्हणावं तर आतल्या खोलीत सोआने गाणं म्हणत होता.

ती ब्रॉन्विनकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "मला माहीत नाही."

मग सगळं फार भराभर झालं. चौकशी होईपर्यंत मुलांना दुसऱ्या घरी ठेवावं लागेल, ब्रॉन्विन खालच्या आवाजात म्हणाली, आणि तिचेही डोळे भरले होते हे मी खोटं सांगणार नाही. पिसिलाला शाळेतून परस्पर नेणार होते. सोआनेला गाडीत बसवलं तेव्हा त्याने बूट उलटसुलट घातले होते. लेसिएलीने पॅस्कोंना विचारलं, बूट नीट करू का? ते हो म्हणाले. ती रस्त्यावर गुडघे टेकून बसली. तिला लेस सुटेनात. सोआने तिला विचारत होता की आपण कुठे जातोय, आणि ती सांगत होती, गाडीत बसून फेरी मारून ये बाळा.

गाडी गेल्यावर ती घरात आली आणि डब्यातली पाकिटं काढून पदराखाली झाकावीत तशी एका टॉवेलखाली झाकू लागली. आता कोण बघणार होतं? पण तिचे हात थांबेनात. बाहेर मोटरचा आवाज आला की ती दचकायची. मी त्या दिवशी घरी गेले आणि सगळ्यात आधी माझ्या दोन्ही मुलींना विचारलं, की लेसिएली आत्याच्या फाटकाशी कुणी परका माणूस तुमच्याशी कधी बोलला का? नाही म्हणाल्या. तरी मी पुन्हा विचारलं, आणि धाकटी रडायला लागली.

गरिबांचे खटले फुकट लढणारी एक वकील मिल्ड्युरा शहरात बसते, मिसेस केओ. तिच्याकडे जाताना लेसिएलीने काळे कपडे घालून कमरेला चटई बांधली, आम्ही मोठ्या माणसासमोर किंवा मयताला जाताना बांधतो तशी. केओबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग समजावलं, की बंद पाकिटातला मजकूर ज्याचा त्याचा. तो तुम्ही उघडायचा नाही, खात्यानेही नाही. पण पाकिटावरची नावं तुमच्या स्वयंपाकघरात तुमच्याच परवानगीने पाहिली गेली. तुम्ही नाही म्हणू शकत होता.

लेसिएली म्हणाली, "सरकारच्या माणसाला नाही म्हणता येतं, हे मला कुणी सांगितलंच नाही."

मग तिने विचारलं की ते फोटो आता पुसून टाकायला सांगता येईल का. बाई म्हणाल्या, सांगून बघते, पण फाइलमध्ये गेलेलं सहसा बाहेर येत नाही. आणि दुसऱ्या खात्याने ती नावं मागितली तर? तर ते कायद्यात बसतं का ते बघतील, आणि बसलं तर देतील. बाई हे इतक्या सरळ बोलल्या की आम्हाला पुढे विचारण्याची छाती झाली नाही. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, की दुसऱ्या कुणाचा ठावठिकाणा सांगायची सक्ती तुमच्यावर नाही. मात्र तो माणूस स्वतः पुढे आला, तर मुलं लवकर परत येतील.

परतताना गाडी मी चालवत होते. नदीचा पूल आला तेव्हा लेसिएली म्हणाली, "शेडवर घे."

शनिवारची दुपार होती, माणसं कामावरून परतली होती. शेडपुढे उइनी मोठ्या पातेल्यात अळूच्या पानात गुंडाळलेलं मटण शिजवत होती. आम्हाला पाहून सगळी उठली, गादी झटकून बसायला दिली. केपूएलीही तिथेच होता. त्याला कालच कळलं होतं. त्याने लेसिएलीच्या नजरेला नजर दिली नाही.

"फेलेती कुठाय?" तिने विचारलं.

तो शेडच्या मागून आला. तिच्यापासून बऱ्याच अंतरावर मातीत बसला, मान खाली घालून. मला वाटलं ती त्याच्या अंगावर धावून जाईल. मला स्वतःला त्याच्याकडे बघवत नव्हतं. पण लेसिएलीचा आवाज बारीक झाला होता, आजाऱ्यासारखा.

"माझं घर का दिलंस पोलिसांना?"

त्याने सांगितलं, तुटक तुटक. पोलिसांना राहता पत्ता द्यावा लागतो. शेडचा दिला असता तर पोलीस बघायला आले असते आणि ही सगळी माणसं उघड्यावर आली असती. टपाल तुझ्याकडे येतच होतं, म्हणून तोच पत्ता लिहून दिला. तुझ्या घरी मुलं आहेत हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. पहिल्यांदा फाटकाशी आला आणि अंगणात छोटी सायकल दिसली, तेव्हा कळलं.

"मग तेव्हाच जाऊन का नाही बदललास?"

"घाबरलो," तो म्हणाला. "खोटा पत्ता दिला म्हणून परत आत टाकतील, असं वाटलं."

"तू घाबरलास," लेसिएली म्हणाली, "आणि माझी पोरं परक्याच्या घरी झोपतायत."

पातेल्यावरचं झाकण खडखडत होतं. लेसिएलीने कुणाकडे काही मागितलं नाही. तिला मागता येतच नव्हतं. माणसांना आसरा देणारी बाई ती, जा म्हणायला तिची जीभ कशी रेटणार? पण ती उठलीही नाही. तिथेच गादीवर बसून राहिली, दोन्ही हात मांडीत घेऊन. सगळ्यांना ते दिसत होतं.

शेवटी उइनीने चुलीतली लाकडं ओढून विझवली.

"जेवण बांधून घ्या रे," ती इतरांना म्हणाली. "वाटेत खाऊ. उजेड आहे तोवर निघालेलं बरं." मग लेसिएलीजवळ येऊन बसली. "तू रडू नको ताई. आम्हाला जागा बदलायची सवय आहे. पोरांना नसते."

कुणी ग्रिफिथकडे जायचं ठरवलं, कुणी शेपार्टनकडे. संत्र्यांच्या बागा कुठे सुरू झाल्यात याचा त्यांनी आपसात अंदाज घेतला. त्या आठवड्याचा पगार बुडणार होता, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. गाद्या गाडीच्या टपावर बांधल्या. एक जोडपं आमच्या गाडीच्या खिडकीशी येऊन लेसिएलीच्या पाया पडल्यासारखं वाकलं आणि आपलं टपाल आलं तर जाळून टाक म्हणालं.

सोमवारी केपूएली फेलेतीला घेऊन पोलीस ठाण्यात गेला. फेलेतीने शेडचा पत्ता दिला, खोटं लिहून दिल्याचं कबूल केलं. पोलीस शेडवर गेले तेव्हा तिथे एकच खाट आणि त्याची एक बॅग होती. खोट्या पत्त्यासाठी त्याला पुन्हा तुरुंगात घातलं आणि नंतर ऑकलंडला पाठवून दिलं, असं ऐकलं. त्याच्याबद्दल मला दया आली असं म्हणता येत नाही. पण तो ठाण्याच्या पायऱ्या चढताना मागे वळून केपूएलीला म्हणाला की मुलं लवकर येऊ देत, एवढं केपूएलीने आम्हाला सांगितलं.

तरीही मुलं लगेच आली नाहीत. खात्याची माणसं न कळवता येत, कधी सकाळी, कधी जेवणाच्या वेळी. खाटा मोजत, कपाटात पुरुषाचे कपडे आहेत का बघत. पेनिसिमानी काम सोडून आला आणि बहिणीच्या नावाने कोर्टात कागद करून दिला. लेसिएलीने गाणं सोडलं, रविवारचं जेवण बंद केलं. चर्चमधल्या दोघातिघांना तिने स्वतः जाऊन सांगितलं की माझा पत्ता आता वापरू नका. हे सांगून आली की ती ताप चढल्यासारखी अंथरुणात पडून राहायची. आमच्यात नातलगाला नाही म्हणणं म्हणजे स्वतःच्या तोंडावर थुंकून घेणं. एकजण तर तिला सगळ्यांदेखत म्हणाला, "काय ताई, पेटी झिजली वाटतं?" मीच त्याला झापलं.

मुलं परत आली तो दिवस पावसाळी होता. ब्रॉन्विननेच आणून सोडली. पिसिलाचा हात बरा झाला होता, नुसता गुलाबी डाग राहिला होता. तिने आत्याला मिठी मारली नाही. घरात शिरून सोआनेचे कपडे त्याच्या खणात ठेवले, मग त्याला घेऊन मागच्या खोलीत गेली आणि दाराला आतून खुर्ची लावली. आम्ही ऐकलं, ती त्याला शिकवत होती, की दार वाजलं तर बोलायचं नाही, कुणी नाव विचारलं तर सांगायचं नाही. लेसिएली दाराबाहेर जमिनीवर बसून राहिली. बऱ्याच वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि सोआने बाहेर येऊन तिच्या मांडीवर झोपला.

आता बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की सगळं जागेवर आलं. खात्याने पत्र पाठवून प्रकरण बंद झाल्याचं कळवलं. ते पत्र मीच तिला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "त्यात फोटोंचं काही लिहिलंय?" काही लिहिलं नव्हतं. केओबाईंनी विनंती केली होती, त्या विनंतीला अजून उत्तर नाही.

गेल्या महिन्यात ग्रिफिथहून बातमी आली. उइनीला तिथल्या एका बागेतून इमिग्रेशनवाल्यांनी उचललं आणि विमानात बसवलं. ती बाग त्यांना कशी सापडली, कुणाला ठाऊक. तिथे दर हंगामात धाडी पडतातच, कुणी चुगली केली असेल, रस्त्यावर पोलिसांनी गाडी अडवली असेल. केपूएली हे सगळं लेसिएलीला समजावून सांगतो. तीही मान हलवते.

पण काल पॅकिंग शेडमध्ये चहाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन बसली आणि एकेक नाव घेऊ लागली. टेबलावर तिने पाकिटं पसरली होती त्याच क्रमाने. त्या क्रमात उइनीचं नाव वरच्याच ओळीत होतं. बाकीच्या नावांची माणसं आता कुठे असतील, हे ती मला विचारत होती. मी म्हटलं, मला माहीत नाही, आणि खरंच मला माहीत नव्हतं.

"बरं झालं," ती म्हणाली. "मलाही सांगू नको."